नाना कसे उभे राहायचे

मालिकेचं पाचवं पर्व संपलं, तेव्हा लेखकाच्या बायकोने रिमोट खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, "हे तूच लिहिलंस?" चार शिव्या घातल्या असत्या तरी परवडलं असतं. चॅनलवाल्यांनी तर स्पष्टच सांगितलं होतं, सहाव्या पर्वाचा पहिला भाग पहिल्या पर्वासारखा लिहून आण, नाहीतर गाशा गुंडाळ.

आता पहिल्या पर्वासारखं म्हणजे कसं, हे त्या बिचाऱ्याला कळत असतं तर ही घसरगुंडी सुरूच कशाला झाली असती! पहिलं पर्व लिहिलं तेव्हा तो नळाच्या तोट्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात कारकून होता. समोरच्या टेबलावर विभागप्रमुख नाना. गळक्या तोटीला वैतागलेलं गिऱ्हाईक फोनवर ओरडायला लागलं की नाना खुर्चीतून उठायचे आणि गिऱ्हाईक शांत होईपर्यंत उभेच राहायचे. आपण उठलोय हे त्यांच्या गावीही नसायचं. लेखकाने तेवढंच उचललं, मालिकेतल्या 'काकां'ना दिलं आणि घरोघरी लोक पोट धरून हसले. मग त्याने नोकरीला रामराम ठोकला. दुसऱ्या पर्वात फोन आला की काका खुर्चीवर चढायला लागले. तिसऱ्यात टेबलावर. चौथ्यात टेबल मोडलं आणि पाचव्यात काकांचा जुळा भाऊ निघाला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून एका सकाळी स्वारी जुन्या ऑफिसात जाऊन धडकली. "सहज आलो होतो," असं त्याने दारातच सांगून टाकलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड काही जात नाही माणसाची.

फोन घेणाऱ्या ताईंनी त्याला पाहिलं आणि मोठ्याने हाक मारली, "नाना, लेखकराव आलेत! अगंबाई!" त्याबरोबर सगळा विभाग सावरून बसला. गोदाम सांभाळणारा माणूस पूर्वी आठवड्याला दोन वाक्यं बोलायचा. तो मालिकेतल्या गोदामवाल्यासारखे हातवारे करत आत आला. आणि ताईंचं ते 'अगंबाई'! ताई असं कधी म्हणायच्या नाहीत. काही सुचत नव्हतं म्हणून दुसऱ्या पर्वात लेखकानेच ते एका पात्राच्या तोंडी घातलं होतं. की ताई म्हणायच्या म्हणून सुचलं होतं? त्याला नक्की आठवेना.

तेवढ्यात नानांचा फोन वाजला. नानांनी तो उचलला, ऐकलं, एक हात कपाटाला लावला, दुसऱ्याने गुडघा दाबला आणि कण्हत कण्हत खुर्चीवर चढले. वरून त्यांनी हळूच लेखकाकडे पाहिलं. लेखक हसला. हसायला हवं म्हणून हसला.

"गिऱ्हाईक फार चिडलंय का?" त्याने ताईंच्या कानाशी विचारलं.

"छे हो! त्यांची तोटी उत्तम चाललीय. नाना खरंच चढतात का, हे विचारायला फोन करतात लोक."

"आणि खरी तक्रार आली तर?"

"तरी चढतात. कुणाला वाईट वाटायला नको."

लेखक इथे खरी माणसं बघायला आला होता आणि ही माणसं त्याला त्याचीच मालिका दाखवत होती, तीही दुसऱ्या पर्वातली. त्यात कहर म्हणजे, नाना जरा लवकर चढले, असं त्याच्या मनात येऊन गेलं. आता चूक कुणाची काढायची?

खाली उतरल्यावर नाना त्याला चहाच्या खोलीत घेऊन गेले आणि त्यांनी दार लोटलं.

"मी या महिनाअखेरीस निवृत्त होतोय."

"अरे! मला कुणी बोललं नाही."

"निरोपाचा कार्यक्रम आहे. वरचे साहेब येणार, सूनबाई मोबाइलवर शूटिंग करणार." नानांनी आवाज खाली आणला. "मी काय करतो त्या दिवशी?"

"म्हणजे?"

"लिहिलं असशीलच की तू. टेबलावर चढतो का? गुडघा साथ देत नाही रे, म्हणून आधीच विचारून ठेवतोय."

"नाना, ते काका आहेत. तुम्ही नाही."

"कळतं रे मला ते. पण लोक काकांनाच बघायला येणार ना?"

"तुम्ही आपलं मनाला येईल ते करा," तो म्हणाला. "पूर्वी करायचात तसं."

नानांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रुसवा नव्हता. तो असता तर लेखकाला बरं वाटलं असतं.

"पूर्वी मी काय करायचो?" नानांनी विचारलं. "मला कसं ठाऊक असणार? मी काय स्वतःला बघत होतो? तू रोज समोर बसायचास. एकदा करून दाखव बघू. मी बसवून घेतो."

लेखकाने खुर्ची ओढली. तो बसला, रिकामी मूठ कानाला लावली आणि उठला. नाना अगदी मन लावून बघत होते.

"हे टीव्हीतल्यासारखं झालं," ते म्हणाले. "ते नको. माझं दाखव."

तो पुन्हा बसला. त्याने डोळे मिटले. समोरचं टेबल आठवलं, फोन आठवला, पण तो उचलणारा माणूस प्रत्येक वेळी काकांचं काम करणारा नटच निघत होता. नटाचे केस, नटाचे खांदे, नटाचं ते दचकून उठणं. खरेखुरे नाना हातभर अंतरावर उभे होते आणि त्याला नाना आठवत नव्हते.

"सावकाश आठव," नाना समजुतीने म्हणाले, "महिनाअखेरीला अजून वेळ आहे."