काकांची सुतळी

आधी वास आला. वासाच्या मागून सुसाट आला आणि सुसाटच्या खांद्यावर चिमटीची सायकल आली.

तिला सायकल म्हणणं हा आता मोठेपणा होता. पुढचं चाक पिळून टाकलेल्या फडक्यासारखं झालं होतं. फ्रेमची वरची आणि खालची नळी हँडलच्या अलीकडे अशी दुमडली होती, जणू सायकलने काहीतरी किळसवाणं बघून मान मागे घेतली असावी. मागची बाजू एका अंगाला कललेली. आणि सगळ्यावर काळा, बुळबुळीत, ताजा असल्यासारखा चमकणारा गाळ.

"गटारात पडलास?" नाक धरून चिमटीने विचारलं.

"मी नाही. मी भिंतीवर पडलो. सायकल गटारात पडली."

"कधी?"

"परवा."

"आणि आणलीस आज?"

"माझा गुडघा सुजला होता गं. सायकलचा कुठे सुजला होता? ती थांबू शकत होती."

सुसाट हा चिमटीचा चुलतभाऊ, म्हणजे काकांचा मुलगा. त्याला हे नाव वेगामुळे पडलं होतं आणि बुद्धीमुळे टिकलं होतं. त्याने सायकल थेट चिमटीच्या कामाच्या बाकावर ठेवली, हात स्वतःच्या पँटला पुसले, मग काहीतरी आठवून तेच हात डोक्यावरून फिरवले.

"आणि माझी चूक नाही हं," तो म्हणाला. "शिंप्याची भिंत ओढते."

हे मात्र सगळी वस्तीच म्हणायची. उतार संपतो तिथे डाव्या हाताला शिंप्याचं दुकान होतं आणि त्याच्या भिंतीवर आजवर पोस्टमन, दूधवाला, शाळेच्या मुख्याध्यापिका आणि एकदा दोन वेगवेगळ्या घरांतले दोन जावई एकाच सकाळी आपटले होते. भिंतीत लोहचुंबक आहे, असं काहींचं मत होतं. शिंपी समजूतदार माणूस. त्याने चिंध्या भरून एक जाड गादी शिवली आणि भिंतीला बाहेरून टांगली. लोक आपटायचे, गादी झटकून द्यायचे आणि पुढे जायचे. सुसाटने आपटायला नेमका गादी वाळत घातलेला दिवस निवडला.

चिमटीला ओरडायचंही सुचेना. पुलापलीकडे एका बाईंचं सायकलींचं वर्कशॉप होतं. तिथे फरशी होती आणि तिचा रंग दिसत होता. हत्यारं भिंतीवर टांगलेली होती आणि ज्याची त्याची जागा ठरलेली होती. चिमटी तिथे काम मागायला गेली, तेव्हा बाईंनी एवढंच सांगितलं होतं, "तू स्वतः सरळ केलेली एक फ्रेम घेऊन ये. मी बसेन, दोन्ही हात सोडेन आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईन. सायकल सरळ गेली तर तू इथे. नाही गेली तर तू तिथे."

तिथे म्हणजे इथे. म्हणजे काकांच्या दुकानात, जिथे चहाच्या कपात ग्रीस असायचं आणि ग्रीसच्या डब्यात चहा. चिमटी इथेच लहानाची मोठी झाली होती. प्रत्येक वस्तू दोन बोटांच्या टोकाने उचलायची म्हणून काकांनीच तिला चिमटी म्हणायला सुरुवात केली होती. भंगारातून आणलेली ही फ्रेम तिने स्वतः सरळ केली होती, काकांकडून मोजून घेतली होती, रंगवली होती आणि सोमवारी ती बाईंना दाखवायची होती. दुसरी फ्रेम तयार करायला वेळ नव्हता. हीच पुन्हा सरळ करायची, नाहीतर जन्मभर चहात ग्रीस.

तिने हातमोजे घातले. त्यावर दुसरे हातमोजे घातले. फ्रेम नळाखाली धरली आणि तोंडाने श्वास घेऊ लागली, पण मग चव लागायला लागली, म्हणून पुन्हा नाकाने घेऊ लागली. चेनमधून केसांचा गुंता निघाला. एवढे केस एका माणसाचे असणं शक्य नव्हतं, आणि एकापेक्षा जास्त माणसांचे असणं तिला सहन होणारं नव्हतं. पायडलचा आस काढला, तेव्हा आतून काळं पाणी भळभळा वाहिलं. त्याबरोबर गंजाचे पोपडे आले, छर्रे आले आणि सगळ्यात शेवटी एक गोगलगाय आली. ती जिवंत होती. तिने आपली शिंगं बाहेर काढली, दुकानावरून एक नजर फिरवली आणि परत नळीत शिरायला लागली.

"तिलासुद्धा आवडलं नाही बघ," सुसाट म्हणाला.

"दादा, तू जा."

"मी मदतीला थांबलोय."

"म्हणूनच जा."

फ्रेम धुऊन पुसून शिकंज्यात आवळली आणि काका आले. तोंडात सुपारी, कमरेला फडकं. त्या फडक्याने कधीकाळी काहीतरी पुसलं गेलं असेल. आता त्याला हात लागला की हातच पुसायला लागायचा.

"नळ्या तापवायच्या नाहीत," काका म्हणाले. "पातळ आहेत, जीव जाईल त्यांचा. गारच ओढायचं."

इतपत काकांना कळत होतं, आणि चांगलं कळत होतं. हँडलच्या नळीत त्यांनी लांब जाड पाइप घातला. दोघांनी मिळून तो हळूहळू पुढे ओढला. पोलाद हट्टी असतं. पाहिजे तिथवर ओढलं की हात सोडल्यावर अर्धं मागे येतं, म्हणून पाहिजे त्याच्या थोडं पुढे न्यावं लागतं, आणि फार पुढे नेलं तर मोडतं. काका डोळे मिटून ओढायचे आणि कुठे थांबायचं ते त्यांना बरोबर कळायचं. दुपारपर्यंत दुमडलेल्या नळ्या सरळ झाल्या. दुमड होती तिथे एक बारीक सुरकुती राहिली, पण तडा नव्हता. चिमटीने भिंग लावून पाहिलं, नख फिरवून पाहिलं. पुढचा भाग वाचला होता.

आता मागची बाजू. आणि मागची बाजू म्हणजे सुतळी.

काकांनी खिळ्यावरची सुतळी काढली. तीच ती. कधीतरी ती पिवळट असावी. आता ती काळी होती, मऊ होती आणि ओली नसतानाही ओली वाटायची. हँडलच्या नळीला पुढून वळसा घालायचा, दोन्ही बाजूंनी ती मागे आणायची, मागच्या चाकाचा आस बसतो त्या दोन खाचांमधून बाहेर काढायची आणि दोन्ही टोकं एकत्र ताणून धरायची. मग सीटची नळी आणि सुतळी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना किती फट आहे ते बघायचं. दोन्हीकडे सारखी असेल तर फ्रेम सरळ. पद्धत जगभर हीच असावी. फक्त जगभर ती टोकं कशाला तरी बांधत असावेत. इथे शिकाऊ माणूस दोन्ही हातांनी फ्रेम धरायचा आणि सुतळीची टोकं दातांत.

"दात दे गं," काका म्हणाले.

"काका, गाठ मारू या ना."

"गाठीला काय कळतं? ताण किती आहे ते दाताला कळतं. दे."

हे वाक्य चिमटी दुधाच्या दातांपासून ऐकत आली होती. तिने डोळे मिटून सुतळी दातांत धरली. चव लागली. त्या चवीत तेल होतं, गंज होता, धूळ होती आणि आजवर या दुकानात शिकून गेलेल्या सगळ्यांची थुंकी होती. त्यात सुसाटचीही होती, ती तिला वेगळी ओळखू यायची.

दरवेळी या क्षणी ती मान वळवायची. कारण आता काका अंगठे घालायचे. काकांकडे पट्टी नव्हती. फट ते अंगठ्याने मोजायचे. उजव्या बाजूला उजवा अंगठा, डाव्या बाजूला डावा. आणि डावा अंगठा बघवत नसे. फार वर्षांपूर्वी तो शिकंज्यात सापडला होता आणि बरा झाला होता तो मनाला येईल तसा. टोकाला फुगलेला, टणक, आणि वर पिवळं, जाड, उभं चिरलेलं नख. तो अंगठा पाहिला की चिमटीला जेवण जायचं नाही. म्हणून आजवर एकदाही तिने तो फटीत जाताना पाहिला नव्हता. काका "बरोबर" म्हणेपर्यंत ती छताकडे बघायची.

आज फ्रेम तिची स्वतःची होती. तिने मान वळवली नाही.

उजवा अंगठा उजव्या फटीत गेला, सहज. डावा अंगठा डाव्या फटीपाशी अडला. काकांनी मागच्या बाजूला दोनदा हिसका दिला, फट वाढवली आणि अंगठा घट्ट बसवला.

"बरोबर," काका म्हणाले.

सुतळी दातांत असताना माणसाला ओरडता येत नाही, हे एका अर्थी बरंच झालं. चिमटी त्या दोन अंगठ्यांकडे बघत राहिली. डावा उजव्याच्या जवळजवळ दीडपट होता. तिला मळमळलं, आणि मळमळता मळमळता सगळं दिसलं. दूधवाला, जो हँडल कायम उजवीकडे दाबून धरतो. पोस्टमन, ज्याची डाव्या अंगाची बाही वर्षातून दोनदा फाटते. तिचे स्वतःचे बाबा, जे चालतानासुद्धा उजवीकडे झुकतात आणि स्वयंपाकघराच्या चौकटीवर आदळतात. दुसरीकडे दुरुस्त केलेली सायकल "उजवीकडे ओढते" म्हणून लोक काकांकडेच परत यायचे. शिंप्याच्या भिंतीत लोहचुंबक नव्हतं. या वस्तीतली प्रत्येक सायकल काकांच्या अंगठ्याएवढी डावीकडे जात होती. आणि हे आधीच कळलं असतं, जर कुणाला त्या अंगठ्याकडे बघवलं असतं.

तिने सुतळी थुंकली.

"काका, दोन्ही बाजूंना एकच अंगठा घाला."

"का?"

"दोन अंगठे सारखे नाहीत."

काकांनी दोन्ही अंगठे डोळ्यांसमोर धरले. बराच वेळ पाहिले. "भाऊभाऊ आहेत," ते म्हणाले. "भावाभावांत एवढं चालायचंच."

"एवढं नाही चालत. सुसाट भिंतीवर गेला."

"तो जन्मापासून भिंतीवरच जातो." मग काकांचा आवाज जरा जड झाला. "या अंगठ्यांनी मी तुझ्या बापाची सायकल सरळ केली, चिमटे."

"बाबांच्या कपाळाला टेंगूळ आहे, काका. कायमचं."

काका रुसले. ते रुसले की सुपारी जोरात चावायचे. चिमटीला वाईट वाटलं, पण सोमवार समोर होता. पट्टी आणावी तर काका पट्टीला मानणार नाहीत, आणि मागची बाजू एकटीने ओढून, धरून, ताणून मोजणं जमणार नव्हतं. मोजायला अंगठा हवाच होता. तिचा होता. सुतळी धरायला दात हवे होते.

"काका," ती म्हणाली, "आता तुम्ही दात द्या."

"मी?" काकांनी मागे वळून पाहिलं, कुणी ऐकलं का ते. "मी उस्ताद आहे."

"ताण किती ते उस्तादाच्या दाताला जास्त कळेल."

हे काकांना पटलं. नाइलाज झाला म्हणा. त्यांनी सुपारी थुंकली, फ्रेम दोन्ही हातांत धरली आणि सुतळीची टोकं दातांत घेतली.

चिमटी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. आधी काही झालं नाही. मग कपाळावर एक आठी आली. मग नाकपुड्या फुगल्या. मग डोळ्यांत पाणी आलं आणि खांदे हलले. ही पद्धत काकांनीच काढली होती, आणि काढली त्या दिवसापासून ते कायम अंगठ्यांच्या बाजूला उभे होते. सुतळी त्यांनी कधी तोंडात धरलीच नव्हती.

"ए हाय आहे?" दातांतून ते म्हणाले.

"सुतळी."

"हव हसली आहे?"

"चव? सगळ्यांची आहे. सोडू नका, मोजते."

काकांनी सोडली नाही. हे मात्र त्यांचं खरं. तोंड वेडंवाकडं करत, डोळे गच्च मिटून उस्ताद उभे राहिले. चिमटीने आपला उजवा अंगठा उजव्या फटीत घातला, मग तोच डाव्या फटीत घातला. डावीकडे अंगठा हालत होता. शेजारी अजून करंगळी मावत होती. तिने मागची बाजू उजवीकडे रेटली, सोडली, मोजली. पोलाद परत आलं. पुन्हा रेटली, थोडी जास्त. काका घशातून आवाज काढत होते. संपेपर्यंत चिमटीचे दंड भरून आले, पण अंगठा दोन्हीकडे सारखाच घासून गेला.

"बरोबर," चिमटी म्हणाली.

काका नळाकडे धावले. बराच वेळ नुसता चुळा भरण्याचा आवाज येत होता. बाहेर आले, ते सुतळीकडे न बघता.

"तू हे लहानपणापासून धरत होतीस?"

"हो."

"बोलली का नाहीस?"

"दातांत सुतळी होती, काका."

सोमवारी नवं चाक घालून ती सायकल घेऊन निघाली. दुकानाबाहेर तिच्यावर बसली, दहा हात गेली आणि थेट उजवीकडच्या कुंपणात घुसली. सायकल सरळ होती, चिमटी नव्हती. जन्मभर डावीकडे जाणारी सायकल दाबून चालवलेलं शरीर ते, त्याला सरळ कुठलं माहीत असणार. पलीकडे शिंपी गादी झटकत होता. "उजवीकडे?" तो हादरून म्हणाला. "आता तिकडेही शिवू का?"

पुलापर्यंत ती सायकल हातात धरून चालत गेली. निघण्याआधी घाबरून तिने आणखी एकदा फ्रेम मोजली होती. काकांनी दात द्यायला साफ नकार दिला, म्हणून सुतळी स्वतःच धरली होती, आणि अंगठा काकांचा घेतला होता. उजवा. दोन्हीकडे.

बाई बसल्या. चार पायडल मारले, दोन्ही हात सोडले आणि कमरेवर ठेवले. सायकल गल्लीच्या टोकापर्यंत गेली, जणू कुणी दोरीवरून नेत असावं. परत आल्या तेव्हा त्यांनी नळीवरच्या सुरकुतीवरून बोट फिरवलं, वाकून मागच्या खाचा पाहिल्या.

"मोजलं कशाने?"

"अंगठ्याने."

बाईंनी तिच्या अंगठ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "उद्यापासून ये. पण तू अशी तिरकी का उभी आहेस? आणि तोंड का असं केलंयस?"

चिमटीने आत पाहिलं. पांढरी फरशी, लखलखीत नळ, आणि नळापाशी खुंटीवर स्वच्छ टॉवेल. जिभेवर अजून सगळं दुकान होतं.

"सांगते," ती म्हणाली. "आधी चूळ भरायला पाणी मिळेल का?"