चादरीवरची रुई

"माणसानं आपली कातडी आपल्यापाशी ठेवावी. दुसऱ्याच्या अंथरुणात सांडू नये."

असा सिद्धांत मांडून खुशालरावांनी उशी काखेत मारली, गोधडी खांद्यावर टाकली आणि ते पलंगावरून उठले. सिद्धांत वजनदार होता. पण तो मांडता मांडता त्यांनी सवयीनं डोकं खाजवलं, आणि गोकर्णाबाईंनी नुकत्याच झाडलेल्या पलंगावर पुन्हा भुरभुर पांढरं पडलं.

गोकर्णाबाईंनी आधी पलंगाकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"जा न मंग," त्या म्हणाल्या. "पण जाता जाता तेवढं झाडून जा."

खुशालरावांनी झाडलं आणि बाहेरच्या खोलीतल्या बाजेवर बिऱ्हाड हलवलं. बाळंतपणाची माहेरपणं सोडली, तर उभ्या संसारात दोघं वेगळी झोपण्याचा हा पहिलाच प्रसंग.

खुशालरावांची सारी नोकरी तेल्हाऱ्याच्या एका जिनिंगमध्ये गेली. सरकीपासून रुई वेगळी करणारा कारखाना तो. तिथून माणूस घरी येई तो भुवयांपर्यंत पांढरा होऊनच. दारात गोकर्णाबाई ओल्या पदरानं त्यांच्या भुवया पुसत आणि म्हणत, "आले माहे म्हातारबुवा." तेव्हा म्हातारबुवा तिशीत होते. उशीवर, चादरीवर जे काही पांढरं सापडे ते रुईच्या नावावर जाई आणि दोघंही सुखानं झोपत.

मग खुशालराव निवृत्त झाले. रुई बंद झाली, पांढरं मात्र पडतच राहिलं. अकोल्याच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, की कातडी कोरडी आहे, डोक्यात कोंडा आहे, थंडीत वाढेल, दुसऱ्याला लागायचं नाही. मलम लावा, उशीचे अभ्रे गरम पाण्यातून काढा. एवढ्या सगळ्यातून गोकर्णाबाईंनी एकच गोष्ट उचलली, ती म्हणजे गुन्हेगार सापडला.

लोकांच्या हसण्याचं खुशालरावांना काही वाटत नसे. पण परवा गोकर्णाबाई अमरावतीच्या लेकीशी, पौर्णिमाशी, फोनवर बोलत होत्या आणि हे चहाचा कप घेऊन दारात उभे होते.

"तुह्या बाबाचं अंथरून झाडता झाडता माहे हात गेले वो," असं त्या म्हणाल्या.

ते हात खुशालरावांच्या मनातून जाईनात. सिद्धांत त्यातूनच निघाला होता.

बाजेवर झोप येईना. आतून बाईंचा खोकला आला की हे उठून बसत, आणि खोकला थांबला की का थांबला म्हणून बसूनच राहत. परत जायचं तर सिद्धांताचं काय करायचं, हा प्रश्न होता. सिद्धांत मांडणं सोपं असतं. गुंडाळायला कारण लागतं.

गोकर्णाबाईंनी तर बाजारातून गर्द जांभळी चादर आणली. तिच्यावर पांढऱ्याचा कणही लपला नसता. नव्या चादरीवरच्या पहिल्या झोपेतून उठल्या उठल्या त्यांनी ती वाकून न्याहाळली, निकाल जाहीर केला, की चादर आरशासारखी आहे, आणि शेजारच्या सबीहाबींना साक्षीला बोलवायला निघाल्या. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता, संक्रांतीनंतर काढायचा होता. डावा डोळा भरवशाचा होता, पण तो त्यांनी या कामाला लावला नव्हता.

खुशालराव मलम घ्यायला आत आले आणि थबकले.

जांभळ्या चादरीवर, उशीपाशी आणि पाठ टेकते तिथं, पांढरं पडलं होतं.

त्यांना वाटलं, रुई असेल. एक कण उचलून त्यांनी बोटांत वळून पाहिला. रुई वळली की तिची वात होते. याचा चुरा झाला.

ते पलंगाच्या कडेवर बसले. आपण तर बाहेर बाजेवर होतो. म्हणजे इतकी वर्षं जो आळ एकट्याच्या डोक्यावर होता, त्यात अर्धी भागीदारी निघत होती. आणि पुरावा समोर पसरलेला असताना साक्षीदार आपल्या पायांनी चालत येत होता. सबीहाबी बाई दिलदार. ऐकलेलं काही स्वतःपाशी ठेवून घेत नसत. दुपारपर्यंत सगळ्या गल्लीत खुशालरावांची निर्दोष सुटका झाली असती.

फाटक वाजलं. हसणं ऐकू आलं.

खुशालरावांनी चादर चारही टोकांनी उचलली, मागच्या अंगणात नेऊन लिंबाच्या झाडाखाली झाडली, परत आणून अंथरली आणि कोपरे घाईघाईनं गादीखाली खोचले. त्यांच्या हातांना खोचण्याची एकच तऱ्हा ठाऊक होती. रुईच्या गठाणीला बारदान आवळावं तशी त्यांनी कोपऱ्यांना तिहेरी घडी घातली.

"पाह्य, सबीहा," गोकर्णाबाई आत येत म्हणाल्या. "एक कण तरी दिसते काय?"

सबीहाबींनी चादरीवरून हात फिरवला. "एकदम साफ हाये भाभी." मग त्या खुशालरावांकडं वळल्या. "आता कबूल करा भाईसाब."

"कबूल," खुशालराव म्हणाले.

गोकर्णाबाईंनी चमकून पाहिलं. या माणसानं आजवर साधा चहा सांडल्याचं कबूल केलं नव्हतं.

सबीहाबी गेल्यावर त्या पलंगावर टेकल्या. हात सहज चादरीच्या कोपऱ्याकडं गेला आणि तिहेरी घडीवर थांबला. त्यांनी ती उकलली, पुन्हा होती तशी घातली. मग केसांच्या भांगातून बोट फिरवून ते डाव्या डोळ्याजवळ धरलं. बराच वेळ धरलं. खुशालराव मलमाच्या नळीवरची बारीक अक्षरं वाचत होते. चष्मा बाहेर बाजेवर होता.

दुपारची जेवणं झाली. खुशालराव आडवं व्हायला बाजेकडं गेले, तर बाजेवर उशी नव्हती. आत डोकावले. उशी जांभळ्या चादरीवर, आपल्या जुन्या जागी होती. पलीकडं गोकर्णाबाई भिंतीकडं तोंड करून निजल्या होत्या.

ते अगदी कडेला, अंग चोरून आडवे झाले. आता ही काहीतरी बोलेल, असं त्यांना वाटलं. त्यावरचं मोठ्या मनाचं उत्तरही त्यांनी तयार ठेवलं.

"झोपले काय?"

"नाही," खुशालराव घसा साफ करत म्हणाले. "बोल."

गोकर्णाबाईंनी पाठीवरचा पदर बाजूला सारला. मग भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणाल्या,

"जरा पाठ खाजवून द्या. तिथं नाही वो. थोडं वर."