दातांत धरलेली पहार

मी पहार बोलतेय. पाच फूट लांब, एका बाजूला टोक, दुसऱ्या बाजूला चपटी धार. ऐकायचं असेल तर जरा अंतर ठेवून उभे राहा, कारण गोड बोलायची मला सवय नाही. माझा जन्म मारातून झाला आणि आयुष्य मारण्यात गेलं. आज वाकडी झालेय, पण स्वभाव अजून सरळ झालेला नाही.

भट्टीत मला लालबुंद केलं आणि ऐरणीवर आडवं टाकून दोघांनी घणाने बडवलं. एक दम घ्यायचा तेव्हा दुसरा घालायचा. टाकीचे घाव सोसले की देवपण येतं म्हणतात. घणाचे सोसले की देवपण वगैरे काही येत नाही, नुसती मस्ती येते. शेवटी पाण्यात बुडवलं तेव्हा मी चर्रर्र करून फिसकारले आणि मनाशी ठरवलं, जेवढे घाव खाल्लेत तेवढे सव्याज परत करायचे.

दगडाच्या खाणीत चार वर्षं मी ते केलंही. मग एक दिवस शहरात दंगल पेटली. का पेटली ते मला विचारू नका, पेटवणाऱ्यांनाही धड सांगता आलं नसतं. खाणीतला एक दांडगा मला खांद्यावर टाकून बाजारात घेऊन गेला. त्या दुपारी मी अकरा दुकानांची शटरं फाडली, काचा फोडल्या, गल्ल्यावर बसलेल्या एका माणसाची बरगडी मोडली. खोटं कशाला बोलू, मला मजा आली.

शेवटी रंगाच्या दुकानाला आग लावली. वरच्या मजल्यावर घर होतं, दाराला बाहेरून कडी-कुलूप घातलं होतं आणि आतून माणसं दार बडवत होती. तेवढ्यात आगीचा बंब आला. त्यातून एक जवान उतरला, मिसरूड नुकतंच फुटलेला, आणि धुरातून थेट जिन्याकडे धावला. माझ्या दांडग्याने त्याला आडवं येऊन मला फिरवलं. मी त्याच्या डाव्या कानावर बसले. हाडाचा आवाज मला अजून आठवतो, कारण तो माझ्या अंगातून गेला होता.

पोरगा पडला, उठला आणि दोन्ही हातांनी मला धरलं. जिन्यावर झटापट झाली, त्याने मला हिसकावलं आणि उगारलं. त्याच्या मानेवरून रक्त वाहत होतं, दांडगा समोर रिकाम्या हाताने उभा होता. मी म्हटलं, घाल. तुझा हक्कच आहे. त्याने दांडग्याकडे पाठ केली आणि मला कुलपात खुपसलं. कडी उपटून निघाली, आतून पाच माणसं बाहेर पडली, सगळ्यात धाकटं बाळ पाळण्याच्या चादरीत गुंडाळलेलं होतं. फोडणं दोन तऱ्हेचं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून मी त्याच्याकडे. चौतीस वर्षं बंबावर आम्ही दोघांनी काय काय फोडलं म्हणून सांगू. चेपलेल्या मोटारींची दारं, अडकलेल्या लिफ्ट, कारखान्यातला बॉयलर फुटला तेव्हा एका माणसाच्या मांडीवर पडलेला लोखंडी पत्रा. माझं काम तेच राहिलं, हाणामारीचं. फक्त आता मी कुणावर हाणत नव्हते, कुणासाठी हाणत होते.

त्याचा डावा कान मात्र गेला तो गेलाच. पुढे उजवाही वाहून वाहून गेला. डॉक्टर म्हणाले, पडदे फाटलेत, आतलं यंत्र शाबूत आहे. त्याने मला कधी बोल लावला नाही. मला मात्र तो कान दिसला की लाज वाटते, आणि लोखंडाला लाज वाटणं ही काही साधी गोष्ट नाही.

मग एक गंमत झाली. एका कोसळलेल्या गोदामावर त्याला हेल्मेटचा पट्टा आवळायचा होता. दोन्ही हात हवे होते, म्हणून त्याने माझं टोक स्लॅबवर टेकवलं आणि माथा दातांत धरला. आणि तसाच थिजला. खाली कुणीतरी खरवडत होतं. मला ते आधीच कळलं होतं, पण मला तोंड कुठे होतं? त्याच्या दातांतून, जबड्यातून ते त्याच्या आतल्या शाबूत यंत्रापर्यंत पोचलं. त्या गोदामातून एक गवंडी जिवंत निघाला. ज्या कानाचा मी घात केला, त्या कानाची जागा मी घेतली. फिटलं असं म्हणत नाही, पण थोडं हलकं वाटलं.

तो निवृत्त झाला, मला भंगारात काढलं, आणि त्याने मला मागून घेतलं आणि घरी नेलं. आता तो शहात्तर वर्षांचा आहे. लोक त्याला बंबवाले म्हणतात, शाळेतली पोरं ‘तीन ठोके आजोबा’ म्हणतात. कारण दर रविवारी तो मला खांद्यावर टाकून कुठल्या ना कुठल्या शाळेत, कारखान्यात, दवाखान्यात जातो आणि एकच धडा शिकवतो. गाडले गेलात तर ओरडू नका, तोंडात धूळ जाते आणि दम संपतो. हाताला लागेल त्या कडक वस्तूने ठोका. तीन ठोके, दहा श्वास, परत तीन ठोके. लोक जांभया देतात. पोरं त्याच्या पाठीवर तीन टिचक्या मारून पळतात. त्याला ते ऐकू येत नाही, पण कळतं, आणि तो हसतो.

कुठे इमारत पडली की तो तिथेही पोचायचा. अग्निशमन केंद्राची पोरं वाट करून द्यायची. मग गेल्या वर्षी आमची चूक झाली. चूक माझीच म्हणा. एका पडक्या घराखाली मला धडधड जाणवली, त्याने काम थांबवलं, तीन तास सगळ्यांनी हाताने माती उपसली आणि खाली निघाला चालू राहिलेला पाण्याचा पंप. केंद्राचे नवे साहेब हुशार माणूस, तरुण, मेहनती, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आजोबांना त्यांनी काही बोलून दाखवलं नाही. दोन महिन्यांनी सरळ सत्काराला बोलावलं.

गावातल्या कामसू म्हाताऱ्यांचा सत्कार. भाषणं झाली, अनुभवाचं भांडार, पिकली पानं, सगळं झालं. प्रत्येकाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. साहेबांनी माइकवरून, मोठ्या प्रेमाने, सांगितलं की आजोबा, आता तुम्ही आराम करा, धोक्याच्या जागी यायचं नाही. आजोबांच्या शेजारी शिवणवाल्या मावशी बसल्या होत्या. सत्तरीच्या, चष्म्याला दोरी. तीन मजली घराच्या तळमजल्यावर त्यांचा शिवणवर्ग होता आणि गरीब पोरांचे गणवेश त्या फुकट शिवायच्या. आजोबांचा रविवारचा धडा त्यांच्या वर्गात चारदा झाला होता, आणि चारही वेळा त्यांनी मुलींना दटावून गप्प बसवलं होतं. त्या आजोबांना ओठ दिसतील अशा वळून म्हणाल्या, “बंबवाले, घड्याळ दिलं म्हणजे समजा, आता नुसतं बघत बसायचं.” दोघं पोट धरून हसली. साहेबांना वाटलं, म्हातारी माणसं खूश झाली.

घरी आल्यावर लेकीने मला उचललं आणि कपाटामागे उभं करून ठेवलं. लेक शाळेत शिपाई आहे, बापावर तिचा जीव आहे आणि त्या जिवापोटी ती बापाला काचेच्या बरणीसारखी जपते. तिला वाटलं, पहार दिसली नाही की बाबा घरात बसतील. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?

दोन महिन्यांनी, भर दुपारी, शिवणवर्गाची इमारत बसली. बसली म्हणजे शब्दशः बसली, गुडघे मोडल्यासारखी. लेक धापा टाकत घरी आली, कारण तिच्या शाळेचे गणवेश तिथेच शिवले जायचे आणि बातमी आधी शाळेत पोचली होती. तिने हातवाऱ्यांनी बापाला सांगितलं. आजोबा उठले आणि कपाटासमोर जाऊन उभे राहिले. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं मी कुठे आहे, फक्त लेकीचं मन मोडायचं नव्हतं. लेकीने एकदा बापाकडे पाहिलं, ओठ चावला आणि स्वतःच्या हाताने मला ओढून बाहेर काढलं.

तिथे धुळीने रस्ता पांढरा झाला होता. मुली जेवायला बाहेर गेल्या होत्या, सगळ्या वाचल्या. मावशी गणवेश पोचवायला दुसऱ्या एका शाळेत गेल्यात, असं मुलींनी सांगितलं होतं. साहेबांच्या यादीत आत कुणी नव्हतं, त्यांच्या ऐकायच्या यंत्रालाही काही सापडलं नव्हतं. शेजारच्या इमारतीची भिंत कलत होती आणि ढिगारा लवकर उपसणं भाग होतं. साखळीच्या चाकांचं मोठं खोदयंत्र पुढे सरकत होतं. साहेबांचं त्यात काहीच चुकत नव्हतं.

आजोबा ढिगाऱ्याच्या कडेला गेले, मला स्लॅबवर टेकवलं आणि दातांत धरलं. यंत्राच्या घरघरीत आधी मला काही लागेना. जागा बदलली. परत बदलली. आणि मग आला, खोल खालून, लोखंडावर लोखंड. तीन ठोके. मग काही नाही. मग तीन ठोके.

आजोबांनी साहेबांचा दंड धरला आणि बोट खाली दाखवून सांगितलं, माणूस आहे. साहेब म्हणाले, “आजोबा, मागच्या वेळचं विसरलात?”

“विसरलो नाही. म्हणून तीन जागी ऐकलं.”

“तुम्हाला माझं बोलणं तरी ऐकू येतंय का?”

“तुमचं नाही. खालचं येतंय.”

साहेबांनी दोन जवानांना खूण केली, यांना सन्मानाने बाजूला न्या. सन्मानाने हाच शब्द वापरला. यंत्राचा लोखंडी पंजा वर उचलला गेला, नेमका मावशींच्या डोक्यावर, कारण खाली त्याच होत्या. आणि माझ्या म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. शहात्तर वर्षांचा माणूस, पण जवानाच्या छातीवर असं कोपर हाणलं की तो मागे कोसळला. दुसऱ्याने त्यांना मागून धरलं, ओढाताणीत माझा माथा त्यांच्या तोंडावर आपटला, एक दात तुटून ओठ फाटला. ते सुटले, धावले आणि मला उचलून यंत्राच्या साखळीत, दातेरी चाकापाशी, सगळ्या ताकदीनिशी खुपसलं.

काय सांगू, मी जन्मात असा मार खाल्ला नव्हता. ते चाक मला चावत होतं. यंत्र गुरगुरलं, साखळी कडाडली, मी मधोमध वाकले. भट्टीतला तो पहिला दिवस आठवला आणि वाटलं, आता मोडते. मोडले नाही. घाबरून चालकाने यंत्र बंद केलं.

साहेब तळपायाची आग मस्तकात गेलेल्या माणसासारखे धावत आले. आजोबांच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं. ते साहेबांशी भांडले नाहीत. त्यांनी मला साखळीतून हिसडून काढलं, वाकडी होते तशीच स्लॅबवर टेकवलं आणि माझा रक्ताने माखलेला माथा साहेबांपुढे केला.

“माझ्यावर नका विश्वास ठेवू. तुम्ही ऐका. सगळ्यांना गप्प करा आणि तुम्ही ऐका.”

साहेबांनी एक हात वर केला. रस्ता गप्प झाला. त्यांनी रुमालसुद्धा काढला नाही, मला तसंच दातांत धरलं. मी मनातल्या मनात ओरडत होते, बाई, ठोक. थकली असशील, तरी ठोक. दहा श्वास गेले. मग अकरावा गेला. साहेब मला सोडणार, इतक्यात ठोके आले. एक. दोन. तिसरा इतका हलका, की मलाच शंका आली.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी हेल्मेट काढून फेकलं, गुडघ्यावर बसले आणि स्वतःच्या हाताने विटा उपसायला लागले.

अडीच तास लागले. कलती भिंत टेकू देऊन धरली, दोघा जवानांचे हात चिरले. मावशी शिवणयंत्राच्या लोखंडी चौकटीखाली सापडल्या. विसरलेली मोजपट्टी घ्यायला त्या परत आल्या होत्या. डावा पाय चेपून चिंधी झाला होता, पुढे तो कापावाच लागला. उजव्या हातात कात्री होती आणि बोटं तिच्यावर इतकी आवळली होती, की दवाखान्यात गेल्यावरच सुटली. स्ट्रेचर आजोबांच्या जवळून गेलं तेव्हा मावशींनी मोकळा हात लांब करून त्यांच्या तळहातावर हळूच तीनदा ठोकलं. म्हातारा तिथेच रस्त्यात बसला आणि रडला. लेक शेजारी बसली, बापाच्या ओठावर पदर धरून.

आता माझं म्हणाल तर मी पहार म्हणून कामातून गेलेय. मधोमध बाक आलाय, पायरीचा दगडही उचलता येणार नाही. साहेबांनी केंद्राच्या दारात माझ्यासाठी काचेची पेटी करून घेतली. खाली पाटी, वर दिवा. मनाने चांगला माणूस आहे, पण जित्याची खोड. मला पेटीत ठेवायला आले तेव्हा आजोबांनी पेटी ठोकून बघितली, म्हणाले काच चांगली आहे, यात तुमचे चषक ठेवा. आणि मला खांद्यावर टाकून निघाले. वाकडी झाल्यामुळे खांद्यावर आता मी जास्त नीट बसते.

रविवारचे धडे चालू आहेत. आता दोघं जातात, आजोबा आणि कुबडीवर मावशी. मावशी कात्री दाखवतात, आजोबा मला दाखवतात. कुणी जांभई देत नाही. मागच्या बाकावर साहेब बसतात आणि लिहून घेतात.

तुमच्याही घरात, गल्लीत असं कुणी असेल. त्यांचा सत्कार करायचा तर खुशाल करा, घड्याळही द्या. पण ते काहीतरी सांगायला धडपडत असतील, तर यंत्र बंद करा, हात वर करा आणि सगळे गप्प बसा. दहा श्वास थांबा. अकरावाही थांबा. म्हातारं माणूस ऐकतंय.