कांडीवरचा काळा डाग

मित्रांनो, करंगळीच्या एका पेराएवढी माझी उंची. आत चुंबक आणि वर गुळगुळीत पांढरे वेष्टण. सोलापूरच्या एका कॉलेजातील प्रयोगशाळेत मी नऊ वर्षे काम केले. खालचे यंत्र सुरू झाले की मी काचेच्या चंबूच्या तळाशी गरगर फिरायची आणि आतले पाणी ढवळायची. मला सगळे नुसते 'कांडी' म्हणत.

पूनम आली तेव्हा मी जुनी झाले होते. अंगावर ओरखडे होते, एका टोकाला काळा डाग होता. माढ्याजवळच्या खेड्यातून आलेली ही मुलगी साखरेच्या पाण्यातून इंधन काढू पाहत होती. पाण्यात लोखंडापासून केलेली स्वस्त पावडर टाकायची आणि वरून प्रखर दिवा लावायचा. प्रकाशाच्या बळावर त्या पावडरीने साखर फोडावी आणि हायड्रोजन वायू निघावा, हा तिचा ध्यास. आधी कित्येकांना हे जमले होते, पण प्लॅटिनमसारखा महागडा धातू वापरून.

तिने मला चंबूत टाकले, दिवा लावला, आणि बुडबुडे आले! तिच्या मार्गदर्शक सरांनी पेढे वाटले. पुढे शोधनिबंध छापून आला. तिचे वडील कुंडलिक भेटेल त्याला सांगू लागले, "आमची पूनम साखरंतनं गॅस काढती." मीही तोऱ्यात फिरत होते.

मग एक दिवस मी हरवले. धुताना निसटून बेसिनच्या लोखंडी नळामागे चिकटून बसले. पूनमने नवी कोरी कांडी घेतली. तोच दिवा, तीच पावडर. दोन तास झाले तरी वायू मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा शून्य. दुसऱ्या दिवशीही शून्य. आठवडाभर तेच. तिला काही सुचेना.

अखेर भांडी धुणारे मडिवाळप्पाकाका मला घेऊन आले. "ताई, ही बघा तुमची जुनी कांडी. नळाला चिकटली हुती की."

मला टाकताच वायू सुरू! सर हसले. पूनम मात्र हसली नाही. ती माझ्याकडे एकटक बघत राहिली.

"काका, माझ्या आधी ही कोण वापरायचं?"

"ते प्लॅटिनमवाले सर न्हवते का, त्येनी. लई घासली ताई, डागच जात न्हाय."

 पूनमने चंबू धुतला. नुसते साखरेचे पाणी घेतले, पावडर टाकलीच नाही. आत फक्त मी. दिवा लागला. पंधरा मिनिटांत आकडा हलला.

मित्रांनो, माझ्या अंगावर वीज पडल्यासारखे झाले! माझ्या ओरखड्यांत अडकलेली ती जुनी प्लॅटिनमची पावडरच सारे काम करत होती. तीन वर्षे मी या पोरीला फसवत होते, आणि ते मलाच ठाऊक नव्हते.

 पूनमने तिथूनच घरी वडिलांना फोन लावला.

"आण्णा, ते खोटं निघालं."

"म्हंजे? गॅस निघत न्हाय व्हय?"

"निघतो. पण माझ्या पावडरीनं न्हाय. जुन्या कांडीला घाण हुती, तिच्यामुळं."



"हे कुणाला घावलं?"

"मलाच."

"मग तूच सांग. दुसऱ्यानं सांगायच्या आदी."

त्याच संध्याकाळी तिने निबंध मागे घेतला. काही जण हसले. पदवी वर्षभर लांबली. पूनमने नवी पावडर, नवी कांडी घेऊन पुन्हा सुरुवात केली आहे. आकडा अजून शून्याच्या फारसा पुढे गेलेला नाही.

मी आता झाकणाच्या बाटलीत असते. बाटलीवर काकांनी चिठ्ठी डकवली आहे, 'वापरू नये'. नव्या मुलांना पूनम मला मुद्दाम दाखवते.

मित्रांनो, आम्हाला नीट घासा. झिजलो तर खुशाल बाजूला काढा, आम्हाला राग येणार नाही. आणि मनासारखे उत्तर मिळाले, की पेढे आणण्यापूर्वी पावडर न टाकता तोच प्रयोग एकदा करून बघा. ठाऊक असते, तरी मला ओरडून सांगता आले नसते हो.