माणकाची साक्ष

"सूनबाई, स्क्रू एकदम सोडायचा नाही. पाव फेरा, मग थांबायचं. आणि माझी चूक दिसली तर आधी मला सांगायचं. बाहेरून कळता कामा नये." प्रयोगशाळेतल्या माझ्या पहिल्याच दिवशी सासऱ्यांनी तसं वचन घेतलं होतं.

त्यांचा स्फटिक मिठाच्या कणाहून बारीक, पिवळा. पत्र्याच्या चकतीला पाडलेल्या भोकात ठेवून दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये आवळला की लालबुंद होई. स्क्रू सोडल्यावरही लालच राहतो, हा त्यांचा शोध. उद्या त्याबद्दल त्यांचा सत्कार होता, आणि त्याच शोधाच्या जोरावर आमच्या ह्यांना विभागाची खुर्ची मिळणार होती.

स्फटिकाशेजारी माणकाचा कण ठेवतात. दाब किती, ते त्याच्या चमकेवरून कळतं. आवळताना सासरे ती मोजत. स्क्रू सुटल्यावर कशाला मोजायची, म्हणत. निकाल आवडला की माणूस पुन्हा मोजत नाही. सत्कारात दाखवायचा नमुना तपासताना आज मी मोजली. स्क्रू पार सुटला होता, तरी माणिक सांगत होतं, दाब आहे. चेपलेला पत्राच स्फटिकाला आवळून बसला होता.

सूक्ष्मदर्शकाखाली मी सुईने पत्रा उकलला. लाल रंग डोळ्यांदेखत गेला. पिवळा, होता तसा. कपाटातले जुने नमुनेही तसेच निघाले.

हे केव्हाचे दारात उभे होते. "झालं समाधान? एवढी वर्षं घरात तोंडातून शब्द नाही, आणि आजच कंठ फुटला?"

"अहो, मी अजून काही बोललेच नाही."

"मग बोलूच नकोस. म्हाताऱ्याला एक दिवस सुखाचा मिळू दे."

"आणि नंतर बाहेरून कळलं तर?"

"कोण सांगणार? तुझ्या माणकाला तोंड आहे?" हे हसले. "फारच जड झालं तर देवाला सांग. रोज बसतेसच की त्याचं डोकं खात."

वडिलांचं सुख ह्यांच्या मनातही नव्हतं. ते मला कळतंय, हे ह्यांनाही कळत होतं. अशा गोष्टी आमच्याकडे बोलत नाहीत.

मी टेबल पुसलं, सुई जागेवर ठेवली. पिवळा कण काचपट्टीवर घेऊन डबीत बंद केला. घरी सासरे उद्याचं भाषण घोकत असतील. मला पाहून म्हणतील, "बैस, ऐक जरा."

"कुठे निघालीस?"

"घरी."

डबी मुठीत धरली, फार घट्ट नाही, आणि जिना उतरू लागले.