एक प्रत माहितीकरिता

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास रायपूरच्या बूढापारा या मोहल्ल्याच्या चौकात एक जीप येऊन थांबली. तिच्यातून चार माणसं उतरली आणि त्यांनी हरिदासचे दोन्ही हात मोडले.

हरिदास स्कूटर दुरुस्त करायचा. त्या वेळी तो एका स्कूटरचं मागचं चाक काढून बसला होता. पहिल्यानं पाठीत लाथ घातली तसा तो चाकावर तोंडघशी पडला. दुसऱ्यानं त्याच्या मानेवर गुडघा रोवला. तिसऱ्यानं त्याचा उजवा हात दुकानापुढच्या फरशीवर ओढून धरला आणि हरिदासचाच हातोडा उचलून मनगटावर हाणला. एकदा नाही, तीनदा. ओलं कापड दगडावर आपटावं तसा आवाज झाला. चौथा माणूस खिशात हात घालून उभा होता. मास्तरानं पाढे विचारावेत तसं तो विचारत होता, "पाँच तारीख को कौन-सी गाड़ी देखी तूने? बोल. और सात को? तेलीबांधा में क्या करने गया था?" प्रश्न झाला की हातोडा पडत होता. उजवा हात झाला, मग डावा.

समोर चहाच्या टपरीवर दहा-बारा माणसं होती. एकाच्याही हातातला कप खाली ठेवला गेला नाही.

चार घरं पलीकडे अनंतराव राहत. आरडाओरडा ऐकून ते बनियनवरच धावले, तेव्हा जीप निघून गेली होती. हरिदास भिंतीला टेकून बसला होता. दोन्ही हात मांडीवर होते. पण ते त्याचे नसून कुणीतरी तिथं आणून ठेवल्यासारखे दिसत होते. त्याचा धाकटा भाऊ विशाल मागच्या गल्लीतून धापा टाकत आला. टपरीवाल्यानं त्याला सगळं सांगितलं, चौथ्या माणसाचे प्रश्नसुद्धा. विशालनं ते अनंतरावांना सांगितले.

"पाँच तारीख, सात तारीख," विशाल म्हणाला. "काका, ये उनको कैसे पता?"

अनंतराव तिथंच फरशीवर, रक्ताशेजारी बसले. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला रक्त पाहवलं नाही. खरं कारण एकट्या अनंतरावांना ठाऊक होतं.

ते कारण असं होतं. त्याआधीच्या रविवारी अनंतरावांच्या ओसरीवर पाऱ्यातली तीसेक माणसं जमली होती. रायपूर नव्या छत्तीसगडची राजधानी होऊन अडीच वर्षं झाली होती. नौतपा, उन्हाळ्याचे सर्वांत कडक नऊ दिवस, तोंडावर आलेला, नळाला आठ दिवसांतून एकदा पाणी, ते पण करंगळीएवढं. लोकांची मतं एकत्र लिहून वर पाठवायची, असं ठरलं होतं. लिहायला अनंतरावांशिवाय दुसरा कोण? रेल्वेत छत्तीस वर्षं काढून ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते.

सदर बाजारातले कापडवाले श्यामराव आधी बोलले. "राजधानी झाली न भाऊ, आता पाण्याले बी मानपान आहे. पहिले बंगले, मग ऑफिसं, मग सायबाच्या बागा. उरलं तं आपण."

"तुमचं दुकान तरी हाय," मागून कुणी बोललं. "आमचा घरमालक म्हणते, खाली करा, सरकारी ऑफिसाले द्यायचं हाय. भाडं तिप्पट."

"नाली तीनदा खोदली," अनंतरावांच्या पत्नी वनमालाबाई दारातून म्हणाल्या. "खोदणारा दर वेळेस निराळा. माती मात्र आमच्याच दारात."

"पहिले अर्ज भोपाळले जात होता. वर्षानं का होईना, उत्तर येत होतं," श्यामराव म्हणाले. "आता सरकार दोन किलोमीटरवर येऊन बसलं, आन् उत्तरच बंद झालं."

लोक हसले. अनंतराव खाली कार्बन घालून एकेकाचं मत लिहीत होते. मताखाली नाव, नावापुढे सही.

हरिदास सगळ्यांत शेवटी, ओसरी रिकामी झाल्यावर बोलला. पाऱ्याच्या बोअरवर भरलेले ठेकेदाराचे टँकर पाऱ्यात येतच नाहीत, ते तेलीबांध्याच्या नव्या इमारतींना विकले जातात. त्यानं स्वतः मागं जाऊन पाहिलं होतं. तारखा होत्या, गाड्यांचे नंबर होते.

"तुला कसं कळलं?" अनंतरावांनी विचारलं.

"शंकरनं सांगतलं काका, टँकरचा डायवर. गरीब पोट्टा आहे, त्याच्या मनाले लागलं. पण त्याचं नाव नका लिहू. मालक त्याले जित्ता नाही ठेवणार."

"नाही लिहीत."

आणि त्यांनी खरंच लिहिलं नाही. 'श्री. हरिदास यांनी प्रत्यक्ष पाहिले', एवढंच लिहिलं आणि खाली त्याची सही घेतली.

मग रात्रीचं जेवण होण्याआधी त्यांनी कागद पुन्हा वाचून पाहिला आणि आयुष्यभर प्रत्येक कागदाखाली जे लिहीत आले, ते लिहिलं. प्रती कुणाकुणाला: एक, जिल्ह्याचे मोठे साहेब. दोन, वॉर्डाचं ऑफिस. तीन, पाण्याचे ठेकेदार, माहितीकरिता. ज्याच्याविरुद्ध कागद आहे त्याला प्रत गेलीच पाहिजे, नाही तर तो कागद नव्हे, चुगली झाली, हे त्यांनी नोकरीला लागल्यावर पहिल्या महिन्यात शिकून घेतलं होतं आणि पुढं पन्नास कारकुनांना शिकवलं होतं. त्यात काही वावगं असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. सोमवारी वनमालाबाई भाजी आणायला निघाल्या, तेव्हा त्यांच्याजवळ तिसऱ्या प्रतीचा लिफाफा आणि पोचवही दिली. ठेकेदाराच्या ऑफिसात लिफाफा देऊन त्या पोचवहीवर सही घेऊन आल्या. पोच मिळाली म्हणून अनंतरावांना बरं वाटलं होतं.

गुरुवारी दुपारी पोलीस आले. 'चार अज्ञात इसम' असं लिहून घेऊन गेले. हरिदासला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण बोटं पाना धरतील की नाही, सांगता येत नाही.

शुक्रवारी पाऱ्यात एकच प्रश्न होता: ठेकेदाराला तारखा कुणी सांगितल्या? हातपंपावर, टपरीवर, देवळात, सगळीकडे तोच. आणि संध्याकाळपर्यंत उत्तरही तयार झालं. शंकर. तो हरिदासच्या दुकानात येऊन बसायचा, चहा प्यायचा. त्यानंच पोटात शिरून ऐकलं आणि मालकाच्या कानात ओतलं. श्यामराव अनंतरावांना घरी येऊन सांगून गेले. अनंतराव ऐकत राहिले. श्यामराव गेल्यावर वनमालाबाईंनी विचारलं, "सोमवारच्या त्या लिफाफ्यात काय होतं?" अनंतरावांनी पोचवही उचलून फडताळात ठेवली. छत्तीस वर्षं लिफाफे पाहिलेल्या बाईला उत्तराची गरज नव्हती. त्यांनी ताट वाढलं आणि स्वतः जेवल्या नाहीत.

अनंतरावांनी मनाशी ठरवलं, सोमवारी सांगू. हरिदासला जरा सावरू दे, मग सांगू.

शनिवारी सकाळी दहा वाजता टँकर आला. शंकरच चालवत होता. बावीस-तेवीस वर्षांचा, गळ्यात गमछा. झाल्या प्रकाराचा गवगवा झाल्यामुळे मालकानं एक टँकर तरी पाऱ्यात ने म्हणून त्याला धाडलं होतं. रांगेत साठ-सत्तर बादल्या आणि घागरीसारखे पितळी गुंड होते. अनंतरावही आपली बादली घेऊन उभे होते.

गाडी थांबते न थांबते तोच पहिला दगड आला. पुढची काच चुरा होऊन शंकरच्या मांडीवर सांडली. दुसरा दगड त्याच्या कानशिलावर बसला. विशालनं दार उघडून गमछ्याला धरून त्याला खाली ओढलं. शंकर चाकाजवळ पडला. मग कुणाचा पाय कुठं बसतो आहे ते कळेनासं झालं. रोज देवळात भेटणारी, लग्नात जेवायला वाढणारी माणसं होती ती. एक बाई रिकाम्या पितळी गुंडानं त्याच्या पाठीवर मारत होती आणि मारताना रडत होती. श्यामरावांची चप्पल तुटली, तशी त्यांनी ती हातात घेतली.

"मोला झन मारव भैया," मारू नका म्हणून शंकर हात जोडत होता. "मैं काहीं नइ बताय हँव."

"नहीं बताया? तो सपना आया तेरे सेठ को?" विशालनं चाक खोलायचा पाना उगारला आणि त्याच्या बरगडीवर हाणला. शंकरच्या तोंडातून शब्द यायचेच बंद झाले, नुसता वारा येऊ लागला.

कुणीतरी टँकरचा कॉक पूर्ण उघडला. मांडीएवढ्या जाड पाइपातून पाणी उसळून नालीत वाहू लागलं. ज्या पाण्यासाठी आठ दिवस डोळे लावले होते, त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. दोघांनी शंकरला उताणं दाबलं आणि तिसऱ्यानं तो पाइप त्याच्या तोंडावर धरला. "पी. तेलीबांध्याले पाजलं न, आता तू पी."

शंकरचे पाय चिखलात आपटू लागले. आधी जोरात, मग हळू.

अनंतरावांची बादली हातातून सुटली. ते माणसांना ढकलत गाडीच्या मागं गेले आणि दोन्ही हातांनी कॉक आवळून बंद केला. एक कोपर त्यांच्या छातीत बसलं, ते पडले, पुन्हा उठले. पाइपातली धार थांबली.

"सोडा त्याला," ते म्हणाले. आवाज फाटला होता. "त्यानं नाही सांगितलं. मी सांगितलं."

क्षणभर सगळे थांबले. मग श्यामराव, चप्पल हातात तशीच, समजुतीनं म्हणाले, "भाऊ, तुम्ही बाजूले व्हा. तुमचं मन मऊ आहे, आमाले माहीत आहे. याले वाचवाले काहीबी नका बोलू."

"काहीबी नाही श्यामराव. ठेकेदाराला मी प्रत पाठवली. हरिदासचं नाव, सही, तारखा, सगळं त्यात होतं. आणि हरिदासला ज्यानं सांगितलं तो हाच पोरगा. तुमच्या बाजूनं बोलणारा त्या गाडीवर हा एकटाच होता."

"काका, घर जाओ," विशाल म्हणाला आणि पुन्हा पाना उचलला.

कुणाचाच विश्वास बसेना. पाऱ्यात ज्यांच्या शब्दावर भांडणं मिटत, त्या माणसाचा हा एवढाच शब्द खोटा ठरत होता. अनंतराव शंकरच्या अंगावर आडवे झाले. कुणी त्यांचा पाय धरून ओढलं.

तेव्हा वनमालाबाई पुढं आल्या. रांगेत अनंतरावांच्या मागं दहा बायका सोडून त्या उभ्या होत्या. नवऱ्याची बाजू घेऊन कुणाशी बोलल्याचं पाऱ्यात कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्या विशालपुढे उभ्या राहिल्या.

"लिफाफा मीच नेऊन दिला रे," त्या म्हणाल्या. "सोमवारी. ठेकेदाराच्या माणसानं माझ्यासमोर उघडला, वाचला आन् हसला. मले वाटलं, अक्षर पाहून हसला असंल."

शंकरला दाबून बसलेले दोघं बाजूला झाले. शंकर कुशीवर वळला आणि ओकला, पाणी आणि रक्त. पितळी गुंडानं मारणारी बाई तो गुंड तिथंच टाकून घराकडं चालू लागली.

विशाल मात्र हलला नाही. त्यानं अनंतरावांकडे पाहिलं. लहानपणी याच म्हाताऱ्यानं त्याला ओसरीवर बसवून बाराखडी गिरवून घेतली होती. "काहून केलं काका?" तो मराठीत म्हणाला. एवढ्या वर्षांत तो त्यांच्याशी कधी मराठीत बोलला नव्हता. "काहून?"

"तशी रीत असते," अनंतराव म्हणाले.

पाना त्यांच्या कपाळावर बसला. दुसरा घाव खांद्यावर. तिसरा मारायला विशालचा हात वर गेला, तेव्हा श्यामरावांनी त्याला मागून कवळलं आणि दोघंही चिखलात बसले.

एकाच ऑटोत शंकरला आणि अनंतरावांना दवाखान्यात नेलं. शंकरच्या तीन बरगड्या गेल्या होत्या आणि एका कानाचा पडदा फाटला होता. खाट नव्हती म्हणून त्याला वऱ्हांड्यात सतरंजीवर निजवलं. जगेल, असं डॉक्टर म्हणाले. अनंतरावांच्या कपाळाला सहा टाके पडले. टाके घालून होताच ते उठले आणि भिंतीचा आधार घेत हाडांच्या वॉर्डात गेले. वनमालाबाई मागोमाग आल्या.

हरिदास कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. अनंतरावांनी स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. प्रतीचं, लिफाफ्याचं, दोन दिवस गप्प राहिल्याचं, शंकरचं. काही गाळलं नाही.

हरिदास पंख्याकडं पाहत होता. तसाच पाहत म्हणाला, "शंकरचं नाव नव्हतं न लिहिलं?"

"नाही."

"कारण मी सांगतलं होतं, नका लिहू म्हणून."

"हो."

"म्हणजे मले बी सांगावं लागत होतं काका? माहं नका लिहू म्हणून?"

हरिदासचे ओठ कोरडे पडले होते. शेजारी तांब्या होता. अनंतरावांनी पेल्यात पाणी घेतलं, एका हातानं त्याची मान उचलली आणि पेला ओठांना लावला. हरिदासनं तोंड उघडलं नाही. पाणी हनुवटीवरून गळ्यावर, गळ्यावरून प्लास्टरवर उतरलं. अनंतराव पेला तसाच धरून बसले. मग वनमालाबाईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि पेला घेऊन त्या वऱ्हांड्यात शंकरपाशी जाऊन बसल्या.