आठ तीन आणि एक

ताईचा पोटापाण्याचा धंदाच संशयाचा होता. औषधांच्या कारखान्यात ती गोळ्या तपासायची. सगळं ठीक आहे असं कुणी म्हटलं की तिच्या कपाळाला आठी पडे. त्यामुळे धाकटीने लग्न ठरवून गणिताच्या मास्तरांना घरी आणलं, तेव्हा चहा ओततानाच ताईने त्यांना नखशिखान्त न्याहाळून घेतलं.

मास्तर बोलघेवडे. वर्तमानपत्राच्या कडेला त्यांनी लिहून दाखवलं: ३१, ३३१, ३३३१. "यांतल्या कुठल्याही संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. डावीकडे कितीही तीन लावत जा."

"कितीही?" ताईने विचारलं.

"दहा तिनांपर्यंत मी स्वतः तपासलंय, ताई."

आई भारावून गेली. ताईच्या मनात मात्र पाल चुकचुकली. हे सफाईदार बोलणं याआधी किती घरांत झालं असेल?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ती भागाकाराला बसली. छोट्या संख्यांत कुणी लबाडी करत नाही, म्हणून तिने थेट आठ तिनांची घेतली: तेहेतीस कोटी तेहेतीस लाख तेहेतीस हजार तीनशे एकतीस. तीन, सात, अकरा, तेरा. दर वेळी बाकी उरली. सतराने मात्र भाग पूर्ण गेला. तिने पुन्हा करून पाहिलं. बाकी शून्य.

संध्याकाळी मास्तर आले तेव्हा तिने कागद पुढे सरकवला. त्यांनी उभ्याउभ्याच हिशेब केला आणि हळूच खुर्चीत बसले.

"तुम्ही स्वतः तपासलं होतं ना?"

"सात तिनांपर्यंत. पुढचं धरून चाललो."

"ताई, तुला माझं लग्नच होऊ द्यायचं नाहीये," धाकटी फणकारली. पण नजर मास्तरांवरून हलेना. "आणखी काय काय धरून चाललायस?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"माझ्या आईला अजून लग्नाचं सांगितलं नाही. ती हो म्हणेल असं…"

"तू तर म्हणालास, ती खूश आहे."

धाकटीने त्यांचा फोन उचलून त्यांच्या हातात दिला. "लाव."

घंटा वाजत राहिली. आपलं खरं ठरल्याचा आनंद ताईला होईना. धाकटी फोनला कान लावायला पुढे झुकलेली तिने पाहिली आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपला संशय खोटा निघावा असं तिला वाटलं.

पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. "आधी मुलीला भेटू दे," एवढंच बोलल्या.

लग्न झालं, पण ठरल्यापेक्षा बरंच उशिरा. दोन्ही आया एकमेकींना पुरत्या जोखून झाल्यावर. मास्तर हल्ली एखादी गोष्ट सांगताना मध्येच थांबतात, "हे मी पाहिलेलं नाही," म्हणतात. ताईला त्याचाही थोडा संशय येतोच.